पातळ कल्हई

"आता जे सांगणार आहे ते तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही," मी म्हणालो. "हवं तर पैज लावा."

"तात्या, तुमचं आजवर आम्हांला काय पटलंय?" भिकाशेठ सराफाने सुपारीचं खांड गालात सरकवलं. "पुरात घंगाळात बसून रामकुंडापासून नांदूरपर्यंत गेलेला माणूस तुम्ही."

"गेलो होतो."

"आणि वाटेत मगरीच्या घंगाळाला कल्हई करून दिलीत."

"तिच्या दातांना. मगरीकडे घंगाळ कुठून येणार? काहीतरी बोलतोस."

माणसं हसली आणि लगेच खाली बघायला लागली, कारण तो दिवस हसायचा नव्हता. दादाच्या तेराव्याची पंगत नुकतीच उठली होती. नाशिकच्या तांबट आळीत एरवी त्या वेळी शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, इतके हातोडे चालू असतात. त्या दिवशी दादासाठी सगळ्यांनी हातोडे खाली ठेवले होते. त्या शांततेने माझे कान दुखत होते.

मी दादाच्या दुकानात सतरंजीवर बसलो होतो. माझं दुकान मधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे. मधे एक पत्रा, पण ह्या बाजूला मी त्रेचाळीस वर्षांनी आलो होतो. सख्ख्या भावाचा उंबरा ओलांडायला मला त्याचं तेरावं उजाडावं लागलं.

विषय काढला तो मोरेश्वरने, दादाच्या मुलाने. तो बापाच्या वस्तू एका ताम्हनात घेऊन आला होता. चष्मा, किल्ल्यांचा जुडगा आणि एक काळा दोरा. दोऱ्यात तांब्याचं एक वेढं ओवलेलं होतं. साधंच, तारेचे तीन फेरे.

"तात्या, हा बाबांच्या गळ्यात असायचा. मी लहानपणापासून बघतोय. हे वेढं माझ्या करंगळीच्या टोकावरसुद्धा चढत नाही. आईला विचारलं तर म्हणते, तिंबकभाऊजींना विचार." तो माझ्यासमोर बसला. "आणि आणखी एक विचारायचंय. बाबा तुमच्याशी का बोलत नव्हते? चाळिशी उलटली माझी. आता तरी सांगा."

माजघराच्या दारात वहिनी बसल्या होत्या. हाताला काम नसलं तर त्यांना बसवत नाही. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी चिंचेचा गोळा घेऊन त्या दादाचा पाण्याचा तांब्या घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग मी सांगितलं ते असं.

तेव्हा दुकान एकच होतं आणि मधे पत्रा नव्हता. दादा ठोकायचा, मी कल्हई करायचो. आमचे वडील म्हणायचे, थोरला ठोके मारतो आणि धाकटा थापा. दादाच्या हाताचं मठारकाम म्हणजे असं की घागरीवर ठोक्यांच्या ओळी मोजून घ्याव्यात. ठोक्याशेजारी ठोका, एकावर एक चढलेला नाही, मधे केसाएवढी फट नाही. उन्हात ठेवली की घागरीच्या अंगावर शंभर सूर्य. एकदा तर एक साळुंकी तिच्यात आपलीच शंभर पोरं दिसतायत म्हणून चारा घेऊन आली होती.

"आली बघा साळुंकी," भिकाशेठ म्हणाला.

"तू गप रे. चारा अजून आहे माझ्याकडे."

दादाला तेव्हा एकच मूल होतं. बकुळा. आम्ही बकू म्हणायचो. पाच वर्षांची. माझं नाव त्रिंबक, त्याचं तिने 'तिंबकाका' केलं, आणि मग सगळी आळीच मला तिंबक म्हणायला लागली. माझ्या थापांवर संपूर्ण विश्वास ठेवणारं आयुष्यात एवढं एकच माणूस मला मिळालं. मी सांगितलं होतं की तांब्याच्या पत्र्याला कान लावला की आतून समुद्र ऐकू येतो. ती रोज सकाळी पत्र्याला कान लावून बसायची. मी विचारायचो, "आला का समुद्र?" तर ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "शू. अजून लांब आहे."

त्या साली दादाने एकाच पत्र्यातून दोन तपेली केली. जुळी. एक गिऱ्हाइकाचं, एक घरी वापरायला. कडेची कातरण उरली. बकूने हट्ट धरला की मलाही दागिना पाहिजे. मी त्या कातरणीची तार ओढली आणि तिच्या बोटाभोवती तीन फेरे दिले. हेच ते वेढं.

"तांब्याचं?" भिकाशेठ म्हणाला. "माझ्या वडलांकडे आला असतात तर गुंजभर सोन्याचं करून दिलं असतं."

"तुझ्या वडलांच्या सोन्यात काय कमी तांबं असायचं?"

"ते घालावंच लागतं तात्या. नुसतं सोनं उभं राहत नाही, दागिना हातात वाकतो."

"मग तेच म्हणतो मी. तिला मी न वाकणारं सोनं दिलं."

दोन दिवसांत वेढ्याखाली तिचं बोट हिरवं झालं. तांबं घामाने हिरवं उतरतंच. वहिनी म्हणाल्या, काढ ते. ही ऐकेना. दारोदार बोट दाखवत हिंडली, "माझा पोपट होतोय. आधी बोट झालंय, मग हात होणार, मग मी उडणार." हे मीच सांगितलेलं, दुसरं कोण सांगणार? वहिनी रोज संध्याकाळी चिंचेने तिचं बोट घासायच्या आणि ती रोज रडायची, की माझा पोपट पुसला.

इथे मी थांबलो. वहिनींचा हात तांब्यावर फिरतच होता.

"तात्या, पाणी देऊ?" मोरेश्वरने विचारलं.

"नको. ऐक."

चैत्र होता. बकू गोवरातून उठली होती. अंगात काही राहिलं नव्हतं, मान काडीसारखी, पण तोंडाला चव आली होती आणि तिला आंबट हवं होतं. कढी पाहिजे, कढी पाहिजे. वहिनींना तेव्हा सातवा लागलेला, तुझ्या वेळचा, मोरू. त्यांना ताकाचा वासही सोसत नव्हता. तरी पोरीसाठी त्यांनी ताक केलं, संध्याकाळी तपेल्यात ओतून झाकून ठेवलं आणि सकाळी त्याच तपेल्यात कढी केली. दादा पहाटेच येवल्याला घागरी पोचवायला गेला होता. मी नदीवरून आंघोळ करून आलो तोवर बकू वाटीभर कढीभात जेवून बसली होती.

"तिंबकाका, तू पण खा. मी दोनदा खाल्ला."

मी पहिला घास घेतला आणि थुंकला.

तुम्हांला कळकलेली चव माहीत नसेल, तुम्ही स्टीलमध्ये वाढलात. आंबट तांब्याला लागलं की कळकतं. जिभेच्या दोन्ही कडांना कुणीतरी पैसा घासावा तशी ती चव. तांबटाच्या घरात ती पोराला बोलता येण्याआधी ओळखता येते. म्हणून तर कल्हई असते. आतून कथलाचा पांढरा हात फिरवला की तांब्याला आंबटाशी बोलता येत नाही.

मी म्हणालो, "वहिनी, हे कळकलंय." वहिनींनी तपेलं ओढून आत बघितलं.

"आणि?" मोरेश्वर म्हणाला.

आणि कल्हई खाल्ली गेली होती. कुणी केली होती ती कल्हई? मी. पाडव्याच्या दिवशी घरची भांडी करायला घेतली होती, आणि त्या दिवशी गंगेवर, रामकुंडापाशी, कुस्त्या होत्या. मला तिथे पोचायची घाई. भांडं नीट तापवलं नाही, नवसागर चिमूटभर टाकला, कथलाची कांडी एकदाच टेकवली आणि बोळा फिरवून मोकळा झालो. दिसायला पांढरं झालं. पातळ कल्हई. रात्रभराच्या ताकाने ती खाल्ली आणि खालचं तांबं ताकात उतरलं.

तासाभरात पोरीला उलट्या सुरू झाल्या. हिरवट. डॉक्टर घरी येऊन गेले, औषध दिलं, म्हणाले संध्याकाळपर्यंत थांबलं नाही तर दवाखान्यात हलवा. वहिनी माजघरात तिला मांडीवर घेऊन बसल्या. उलटीकडे बघून पोर मला म्हणाली, "तिंबकाका, मी आतून पण पोपट झाले." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी तिला म्हणालो, उद्या पंख येतील.

दुपारभर मी इथे ओट्यावर बसून होतो, ह्या खांबाला टेकून, दादाची वाट बघत. काहीच सुचत नव्हतं, उठवत नव्हतं. संध्याकाळी दादा आला, तशी तिला उचलून दवाखान्यात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गोवराने पोखरलेला जीव, त्याला एवढं पुरलं. वेढं बोटातून निघत नव्हतं. दादाने थुंकी लावून ते काढलं.

भिकाशेठची सुपारी थांबली होती.

त्या दुपारी सगळे स्मशानातून परतले. वहिनी भिंतीशी गुडघ्यात डोकं घालून बसल्या होत्या. आमची आत्या आली होती, तिचं तोंड चालू होतं. पोटात एक आहे तरी हिचं लक्ष कुठे असतं, पोटच्या पोरीला काय घालावं काय नाही, असली बाई घरात ठेवायची कशाला. मग दादाने एकदम विचारलं, "कढी कशात केली होती?"

वहिनींनी मान वर केली. तोंड उघडलं. मी म्हणालो, "दादा, कल्हई माझी आहे. पाडव्याला पातळ केली."

मी तपेलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. दादाने ते दारात उजेडाला नेलं. आत अंगठा घातला आणि तळापासून काठापर्यंत फिरवला. हळूहळू, सबंध गोल. फार वेळ बघत होता. एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग अंगठा धोतराला पुसला आणि म्हणाला, "आजपासून माझ्या भांड्याला तू हात लावायचा नाहीस."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य. आठ दिवसांत मधे पत्रा उभा राहिला. मी पलीकडे ठोकायला शिकलो, कारण कल्हईला मला पुन्हा हात लावायचा नव्हता.

"बास?" मोरेश्वर म्हणाला. "एका चुकीसाठी त्रेचाळीस वर्षं?"

"बोलत नव्हता म्हणजे तोंडाने बोलत नव्हता," मी म्हणालो. कारण पोराचा चेहरा मला बघवेना, आणि असं झालं की माझी जीभ आपोआप तिच्या जुन्या वाटेला लागते. "हातोड्याने बोलायचा. आता हे कुणाला पटायचं नाही, पण भिंतीला विचारा. सकाळी तो तीन ठोके द्यायचा, ठक ठक ठण. म्हणजे, उठलास का? मी दोन द्यायचो. उठलो. तुझं बारसं मला हातोड्याने कळलं, मोरू. सबंध सकाळ तो एक घागर नुसती नाचवत होता. माझी बायको गेली त्या दिवशी त्याने दिवसभर लाकडी थापी वापरली, लोखंड उचललंच नाही. आणि अगदी परवा, जायच्या आदल्या दिवशी, तीन ठोके आले. ठक ठक ठण. मी दोन दिले."

"तात्या," मोरेश्वर हळूच म्हणाला, "बाबांनी गेली तीन वर्षं हातोडा उचलला नव्हता. हात थरथरायचे त्यांचे. आदल्या दिवशी तर ते उठूनही बसले नव्हते."

"मग ठोके कुणी दिले?"

"तुमचे तुम्हीच."

"असेल," मी म्हणालो. "ऐकायला कमी येतं हल्ली."

भिकाशेठ हसला, पण बेतानेच. "पकडली थाप. तात्या, पैज हरलात. पोरीची गोष्ट पटली आम्हांला. शेवटच्या ठोक्यांना फसलात बघा."

मी म्हटलं, चला, संपलं. मोरेश्वरला उत्तर मिळालं होतं. तो दोरा बोटाला गुंडाळत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. घरात जिचं नाव कधी निघालं नव्हतं ती बहीण त्याला एका दुपारी मिळाली होती आणि त्याच दुपारी काकाने तिला मारली होती. पुन्हा हा माझ्याकडे चहाला येईल न येईल, असा विचार माझ्या मनात आला. लहानपणी पत्र्याखालून सरपटत यायचा माझ्याकडे. नाही आला तर नाही. मी पत्र्याच्या त्या बाजूला त्रेचाळीस वर्षं काढली होती, उरलेलीही निघाली असती. मी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागलो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तांबं घासल्याचा आवाज बंद झालाय.

"बसा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

त्या माझ्याशी बोलल्या होत्या. दादा बोलत नव्हता म्हणून त्याही बोलत नव्हत्या. संक्रांतीला पत्र्यावरून तिळगुळाची वाटी यायची तेवढंच. मी बसलो.

"भिकाशेठ, थाप तुम्ही चुकीची पकडलीत," त्या म्हणाल्या. चिंचेने भरलेले हात त्यांनी तसेच मांडीवर ठेवले होते. "ठोक्यांची काय, मुंगीएवढी थाप. मोठी वेगळीच आहे. दुपारभर ओट्यावर बसून नव्हतात तुम्ही, भाऊजी."

"वहिनी, आता कशाला."

"बसून होतात?"

मी सतरंजीची दशी ओढत राहिलो.

"मोरू, इकडे बघ. मी तांबटाची मुलगी, तांबटाची सून. मी तपेलं ओढून आत बघितलं असं हे म्हणाले ना? मी काय बघितलं ते नाही सांगितलं त्यांनी. लाल होतं. आतून लालभडक. पातळ नव्हती कल्हई, कल्हईच नव्हती. दोन तपेली होती जुळी. घरचं पांढरं, गिऱ्हाइकाचं अजून व्हायचं होतं. दोन्ही माजघरात शेजारी शेजारी. ताकाचा वास नको म्हणून मी नाकाला पदर लावून, तोंड फिरवून ओतलं. सकाळी कढीसुद्धा तशीच केली. तोंड फिरवून."

"आई," मोरेश्वर म्हणाला.

"थांब. दुपारी बकू माझ्या मांडीवर होती. मला दुकानातून भात्याचा आवाज आला. मग नवसागराचा धूर माजघरात आला. पोर मरायला टेकलीय आणि हा माणूस कल्हई करत बसलाय. मला वाटलं, भाऊजींना वेड लागलं. मी मनात शिव्या दिल्या त्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तपेलं पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले पाडव्याला पातळ केली, तेव्हा समजलं, ते लाल तपेलं त्यांनी वरवर पांढरं करून घेतलं होतं." त्यांनी श्वास घेतला. "माझं तोंड उघडलेलं होतं. मी ते मिटलं. पोटात तू होतास. आत्याबाई समोर बसल्या होत्या. तेव्हाचं मिटलेलं तोंड मी आज उघडतेय."

"दादाला वाईट वाटलं असतं," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"त्यांना माहीत होतं."

मला ऐकायला कमी येतं हे खरं आहे, पण हे मला नीट ऐकू आलं.

"अंगठा पुसला म्हणालात ना धोतराला? का पुसला? महिन्याभराच्या कल्हईने अंगठा काळा होतो का, भाऊजी? तुम्हीच सांगा, तुम्ही केलीत इतकी वर्षं. मी ते धोतर धुतलं. काळी रेघ होती. कालचा नवसागर. ज्याने आयुष्यभर भांडी हाताळली, त्याला कालची कल्हई आणि पाडव्याची कल्हई कळणार नाही?"

मोरेश्वरने दोरा खाली ठेवला. "मग बाबा तात्यांशी बोलले का नाहीत?"

"मी विचारलं. जायच्या दोन दिवस आधी, पहिल्यांदा. म्हणाले, त्याच्याशी बोललो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग चूक कुणाची? त्रेचाळीस वर्षं दोघांनी मिळून माझ्यावर झाकण ठेवलं." वहिनी उठल्या, सावकाश, चौकटीला धरून. ताम्हनातलं वेढं त्यांनी उचललं आणि चिंचेच्या बोटांनी चोळत चोळत माझ्यासमोर आल्या. ते लालबुंद, आजच केल्यासारखं झालं होतं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"कल्हईही घाईत केलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या, "आणि थापही."